पट्टी आल्याशिवाय करवत नाही

९ जानेवारी

प्रिय धाकटे,

दुकान उघडल्याचं तुझं पत्र पोचलं. तुझ्या वहिनीने ते मोठ्याने वाचलं आणि कातारीमामांनी मशीन बंद करून ऐकलं. खुर्चीचा पाय अर्धा कातून झालेला असताना मामा मशीन बंद करतात, यावरून काय ते समज.

आता माणसं मोजणार तू, म्हणून सगळं पुन्हा लिहितो. हसू नकोस. गिऱ्हाइकाला सपाट बाकावर बसवायचं, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले. कागदाची लांब पट्टी जमिनीपासून वर उभी धरायची आणि कात्रीने तीन खाचा पाडायच्या. एक गुडघ्यामागे, एक कोपराशी, एक खांद्याशी. पट्टीच्या डाव्या कडेवर डावं अंग, उजव्या कडेवर उजवं. आकडे लिहायचे नाहीत. आकडा आला की माणसाला तो पूर्ण करायचा मोह होतो, साडेसतराचे अठरा होऊन जातात. खाच आहे तिथेच राहते.

मग वडिलांचे तीन प्रश्न. खुर्चीत कोण बसणार? बसून काय करणार? उठताना कुठल्या हातावर भार देणार? पट्टी आणि तीन उत्तरं पाकिटात घालून पाठव. ती इथे पोचल्याशिवाय करवत लागणार नाही. फळ्या वाळून भिंतीला उभ्या आहेत. मी सकाळी कारखाना उघडतो, क्षणभर डोळे मिटतो आणि मग त्यांच्याकडे बघतो. आज कुणासाठी, एवढंच विचारायचं असतं.

इथली माणसं हल्ली तयार खुर्च्या घेऊन मोकळी होतात. आम्हा तिघांचे हात चालायचे तर तुझं दुकान चाललं पाहिजे, हे लपवत नाही. पण ते चालेल. तू लहानपणी बाजारात फुटका माठसुद्धा विकला असतास.

एक विचारायचं राहिलं. तुझ्या पत्रातल्या ओळी उजवीकडे खाली घसरत जातात. शाळेत अक्षरासाठी तुला शाबासकी मिळायची. तू कशावर बसून लिहितेस?

तुझा
दादा

२४ जानेवारी

दादा,

नमस्कार. फुटका माठ विकता येतो, कारण तो दाखवता तरी येतो. मी काय दाखवू? बाहेर पाटी खुर्च्यांची आणि आत एक खुर्ची नाही! काल एक बाई आल्या, चारी बाजूंना बघितलं आणि मला विचारलं, "सगळ्या विकल्या गेल्या का हो?" मी म्हटलं, "अजून झाल्याच नाहीत." त्या म्हणाल्या, "मग झाल्या की येते." गेल्या.

मी त्यांना थांबवून तुझी पट्टी, तुझे तीन प्रश्न सगळं सांगितलं असतं. पण माणूस दारातून आत येतो तेव्हा त्याला काहीतरी हाताने चाचपायचं असतं. नुसत्या सांगण्यावर कोण बसणार?

जागेचा मालक वरच्याच मजल्यावर राहतो. उंच, हाडकुळा, दिवसातून दोनदा जिना उतरून येतो. काल म्हणाला, "बाई, रिकाम्या काचेत लोक स्वतःचा चेहरा बघतात आणि पुढे जातात." खरंच आहे ते. मी दिवसभर तेच बघते. एकजण तर केस नीट करून गेला.

मालकाने मार्चअखेरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर काच भरलेली दिसली नाही, तर जागा शेजारच्या गादीवाल्याला. त्याला भिंत फोडून दुकान मोठं करायचं आहे. परवा तो टेप घेऊन येऊन माझ्याच भिंती मोजून गेला. वर मला म्हणतो, "ताई, जरा सरकता का?"

ह्यांची बदली अजून रद्द झालेली नाही, त्यामुळे सगळं माझ्याच अंगावर आहे. तेव्हा ऐक. मला दहा खुर्च्या हव्यात. सगळ्या एकसारख्या असल्या तरी चालतील. मधल्या मापाच्या कर, कुणालाही बसतील अशा.

ओळींचं म्हणशील तर बसायला वेळ कुणाला आहे?

तुझी
धाकटी

२ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

पत्र दोनदा वाचलं. गादीवाल्याचा मला राग आला आणि मग हसूही आलं. टेपने भिंती मोजतो खरा, पण गादीवर कोण झोपणार हे त्याने कधी कुणाला विचारलं आहे का?

तू म्हणतेस, मधल्या मापाच्या कर. तू तेव्हा खूप लहान होतीस, म्हणून तुला आठवत नसेल. वडिलांनी एकदा तशा बारा खुर्च्या केल्या होत्या. एका व्यापाऱ्याने गळ घातली, वडील भिडेला पडले, आणि ऐन वेळी व्यापारी फिरकलाच नाही. बारा खुर्च्या दोन वर्षं कारखान्यात कापड पांघरून उभ्या होत्या. जो येई तो बसून बघे आणि म्हणे, "छान आहे, जवळपास बरोबर आहे." वडिलांना शिवी दिली तर चालायची, पण 'जवळपास' हा शब्द चालायचा नाही. शेवटी त्यांनी एकेका माणसासाठी त्या खुर्च्या खोलल्या, पाय कापले, हात खाली घेतले. नवी करायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ गेला. शेवटची खुर्ची गेली त्या दिवशी त्यांनी कारखाना झाडला आणि मला म्हणाले, "देवाने आजवर एवढी माणसं केली, दोन एका मापाची केली नाहीत. त्याला कंटाळा आला नाही, तर आपल्याला का यावा?"

मला तेव्हा ते नुसतं बोलणं वाटलं होतं. आता मी त्यांच्या वयाला पोचत आलो आणि मला ते रोज पटतं. आपण तयार माल ठेवत नाही म्हणून आपल्याकडे पडून काही राहत नाही. लाकूड वाया जात नाही, हात वाया जात नाहीत, आणि खुर्ची जाते ती कुणाच्या तरी घरी जायलाच जन्मलेली असते.

म्हणून दहा खुर्च्या करणार नाही. रागावू नकोस. पट्ट्या पाठव, एका दिवसाचाही उशीर करणार नाही. बसायला वेळ नाही म्हणतेस. मग उभ्याने लिहितेस का?

तुझा
दादा

२० फेब्रुवारी

दादा,

घे! सहा पट्ट्या. सहा! आता मामांना सांग, मशीनला तेल घाला.

उत्तरं खाली लिहिते.

पहिली पट्टी शिक्षिकेची. बसून वह्या तपासणार. उठताना उजव्या हातावर.

दुसरी घड्याळजीची. बसून वाकून काम करणार. उजव्या हातावर.

तिसरी शिंपिणीची. बसून काजं करणार. दोन्ही हातांवर.

चौथी निवृत्त पोस्टमास्तरांची. बसून पेपर वाचणार आणि पेपरशी भांडणार. उजव्या हातावर.

पाचवी दवाखान्यातल्या नर्सबाईंची. बसून पाय वर घेणार, दुसरं काही नको म्हणाल्या. उजव्या हातावर.

सहावी एका दुकानदारणीची. बसून गिऱ्हाइकांची वाट बघणार. उजव्या हातावर, कारण डावा दुखतो.

सगळ्यांना घाई आहे. ३१ मार्चच्या आत आल्याच पाहिजेत. मी मालकाला सांगून टाकलं आहे की सहा खुर्च्या वाटेवर आहेत. तो म्हणाला, "बघू." गादीवाल्याचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता.

तुझी
धाकटी

१ मार्च

प्रिय धाकटे,

पट्ट्या पोचल्या. तुझ्या कात्रीला धार आहे, खाचा स्वच्छ पडल्या आहेत.

एक विचारतो. घड्याळजीचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे. हे त्याच्या कामामुळे झालं असेल का? आणि या सहाही जणांना तूच मोजलंस ना, की कुणी घरून मोजून आणलं?

पोस्टमास्तर पेपरशी भांडतात हे वाचून मामा फार खूश झाले. म्हणाले, असा माणूस असेल तर मी त्याला एक जाडसर पाय काततो, भांडताना खुर्ची हलायला नको.

दादा

९ मार्च

दादा,

सगळ्यांना मीच मोजलं. अगदी तू सांगितलंस तसं, सपाट बाकावर बसवून.

घड्याळजीचं म्हणशील तर तो वीस वर्षं एका डोळ्याला भिंग लावून डावीकडे कलून बसतो. बायको म्हणते, हा झोपतोसुद्धा कललेला. स्वभावाने फार चांगला आहे. त्याचा एक कुत्रा आहे, तोही डाव्या बाजूलाच बसतो. मुलगी आहे, ती परगावी असते. पोस्टमास्तर आणि तो एकमेकांना ओळखतात.

मामांना म्हणावं, पाय जाडसरच काता. आणि दादा, कृपा करून आता प्रश्न विचारू नकोस, कामाला लाग. एकतीस तारीख पत्र लिहून पुढे ढकलता येत नाही.

तुझी
धाकटी

२५ मार्च

प्रिय धाकटे,

हे पत्र खुर्चीसोबत येत आहे. एकाच खुर्चीसोबत. आधी पत्र वाच, मग जे बोलायचं ते बोल.

तुझ्या पट्ट्या आल्या त्या दिवशी मी त्या नेहमीप्रमाणे बाकावर शेजारी शेजारी मांडल्या. गुडघे निराळे, कोपरं निराळी, खांदे निराळे. तू प्रत्येकीत खाचा थोड्या वरखाली केल्या होत्यास. पण डाव्या खांद्याची खाच उजव्यापेक्षा अर्धं बोट खाली होती, आणि ते अर्धं बोट सहाही पट्ट्यांत होतं. शिक्षिकेचा खांदा खाली, नर्सबाईंचा खाली, पोस्टमास्तरांचा खाली. मी म्हटलं, सहा अनोळखी माणसांचा डावा खांदा एकाच वेळी कसा खचेल? म्हणून तुला घड्याळजीबद्दल विचारलं. तू त्याचा कुत्रासुद्धा डावीकडे बसवलास. धाकटे, तू खरं सांगतेस तेव्हा एका ओळीत सांगतेस. कुत्रा आला तेव्हाच मला कळलं.

वडिलांचा जुन्या पट्ट्यांचा डबा काढला. तू घर सोडून निघालीस तेव्हा त्यांनी तुझी पट्टी घेतली होती, नव्या घरी खुर्ची पाठवू म्हणून. ती खुर्ची करायची राहून गेली, हे आमचं चुकलं. ती पट्टी मी तुझ्या सहाव्या पट्टीवर ठेवली. गुडघा गुडघ्यावर बसला, कोपर कोपरावर, उजवा खांदा उजव्या खांद्यावर. फक्त डावा तेव्हा सरळ होता. आता नाही.

मी तिथेच बसून राहिलो. वहिनी चहा घेऊन आली, तिला मी दोन्ही पट्ट्या दाखवल्या. ती म्हणाली, "अहो, म्हणजे ती बसते तरी कशावर?" मी तुला हेच दोनदा विचारलं होतं. तू दोनदा टाळलंस. माल बांधायच्या खोक्यावर बसतेस ना? डावं कोपर खालच्या कुठल्यातरी फळीवर टेकून? खुर्च्यांच्या दुकानात?

खोट्या ऑर्डरी पाठवल्यास याचं मला वाईट वाटलं. तेही लिहून ठेवतो, म्हणजे मनात राहायला नको. तुला माझी अडचण पटली नाही आणि मला तुझी पुरती कळली नाही. दोघांचंही थोडं चुकलं.

पाच उत्तरं तू रचलीस. सहावं लिहिताना थकलीस आणि खरं लिहून गेलीस. दुकानदारीण, बसून गिऱ्हाइकांची वाट बघणार, उठताना उजव्या हातावर, कारण डावा दुखतो. धाकटे, ही खरी ऑर्डर आहे. पट्टी आहे, तीन उत्तरं आहेत. आमच्याकडे याहून जास्त काही लागत नाही. मी दुसऱ्याच दिवशी करवत लावली.

खुर्चीचा डावा हात अर्धं बोट वर घेतला आहे, म्हणजे खांदा हळूहळू आपल्या जागी येईल. पाठ मामांनी दोनदा परत करायला लावली. वेताची बैठक वहिनीने विणली आहे. तुझी पट्टी बैठकीखाली चिकटवली आहे, उलटी करून बघ. बाकीच्या पाच मी ठेवून घेतल्या आहेत. ती माणसं कधी आलीच, तर त्यांना पुन्हा मोज.

सहा खुर्च्यांची वाट बघत असशील, आणि पोचली एक. मुदत दाराशी आहे हे मला माहीत आहे. तरीही मी एकच पाठवली, आणि मला भीती वाटत नाही. का वाटत नाही ते मला नीट सांगता येणार नाही. खुर्ची तयार झाल्यावर मी तिच्यासमोर क्षणभर हात जोडले, तेव्हा मन शांत होतं. एवढंच.

आता बस.

तुझा
दादा

३ एप्रिल

दादा,

पत्र आधी वाचलं नाही. खोकं उघडलं, एक खुर्ची दिसली, आणि मी तुला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. गादीवाला धावत आला, त्याला वाटलं मी पडले.

मग पत्र वाचलं. मग दार लोटून घेतलं आणि बराच वेळ रडले. मग चेहरा धुतला आणि बसले.

दादा, मला वाटलं होतं दुखणं कायमचंच असतं. चाळिशी उलटली, असं व्हायचंच, असं धरून चालले होते. बसले आणि डावा हात कुठेतरी टेकला, आणि तो जिथे टेकला तिथेच राहिला. घसरला नाही. मी अर्धा तास उठलेच नाही. कुत्र्याबद्दल माफ कर. तो मला स्वतःलाच फार आवडला होता.

दुकानात खुर्ची ठेवायला नीट उजेडाची जागा एकच, काचेजवळ. म्हणून तिथे ठेवली आणि तिथेच बसून हिशेबाची वही उघडली. थोड्या वेळाने मान वर केली तर काचेबाहेर एक बाई उभ्या. काचेत स्वतःला बघत नव्हत्या, मला बघत होत्या. आत आल्या. मला वाटलं, किंमत विचारतील. त्या म्हणाल्या, "तुम्ही इतक्या निवांत कशा काय बसल्या आहात?" मी म्हटलं, "ही माझ्या मापाची आहे." म्हणाल्या, "बसून बघू?" बसल्या. दोनदा सरकल्या, उठल्या. "मला नाही बसत ही." मी म्हटलं, "बसणारच नाही. तुमची अजून झालेलीच नाही." या वेळी हे वाक्य म्हणताना मला लाज वाटली नाही. मी कात्री काढली.

त्या दिवशी दोन पट्ट्या, दुसऱ्या दिवशी एक. तिन्ही सोबत आहेत. तिघीही जिवंत आहेत, पत्ते मागे लिहिले आहेत. हवं तर जाऊन बघ!

एकतीस तारखेला सकाळी मालक जिना उतरला, मागे गादीवाला टेप घेऊन. मालकाने चारी बाजूंना बघितलं.

"बाई, सहा म्हणाला होतात."

"एक आहे."

"काच तर रिकामीच."

"काचेत मी असते ना."

तो म्हणाला, "बघू तरी," आणि माझ्या खुर्चीत बसला. दादा, तुला सांगते, ते गुडघे! हनुवटीपर्यंत आले. हात बरगड्यांना टोचायला लागले. इकडे वळला, तिकडे वळला. शेवटी म्हणाला, "ही मला बसूच देत नाही."

मी म्हटलं, "तुम्ही उंच आहात. आयुष्यभर कुठल्याच खुर्चीत नीट बसला नसाल."

तो अगदी हळू म्हणाला, "शाळेच्या बाकापासून."

गादीवाला म्हणाला, "मालक, भिंतीचं काय?" मालक म्हणाला, "थांब रे." मी बाक पुढे ओढला, त्याला बसवलं, दोन्ही पाय जमिनीला. एवढ्या मोठ्या माणसाने मुकाट्याने हात खाली सोडून बसावं, आणि मी कात्रीने खाचा पाडाव्यात! मोजून झाल्यावर त्याने विचारलं, "कधी मिळेल?" मी म्हटलं, "सहा आठवडे. ऑर्डर आल्याशिवाय आमच्याकडे लाकूड कापत नाहीत."

"सहा आठवडे? आणि मुदत तर आज संपते."

"मग माझ्याकडून खुर्ची कुठे घ्यायला येणार तुम्ही?"

तो गादीवाल्याकडे बघून म्हणाला, "तू आता जा. मेअखेरीस बघू." आणि जिना चढताना मधेच थांबून मला म्हणाला, "आमच्या हिलाही पाठीचा त्रास आहे. ती पुढच्या आठवड्यात खाली येईल."

त्याची पट्टी सर्वांत लांब आहे, ओळखशीलच. उत्तरं लिहिते. बसणार जागेचा मालक. बसून काय करणार, हे विचारल्यावर खूप विचार करून म्हणाला, काहीच नाही. उठताना दोन्ही हातांवर, आणि कुरकुरत.

हे मी रचलेलं नाही.

तुझी
धाकटी

१२ एप्रिल

प्रिय धाकटे,

चार पट्ट्या पोचल्या. बाकावर मांडल्या. चार माणसं, चारही वेगळी. मामा म्हणाले, आता कसं घर भरल्यासारखं वाटतं.

मालकांच्या पायासाठी भिंतीजवळची सर्वांत लांब फळी काढली. ती तीन वर्षं उभी होती. एवढी लांब कुणासाठी ठेवली, असं वहिनी नेहमी विचारायची. आता तिला उत्तर मिळालं. त्यांची खुर्ची मी मुद्दाम रेंगाळवणार नाही, हे तुला सांगून ठेवतो. घाईही करणार नाही. लागतील ते सहा आठवडे लागतील, आणि तोवर त्यांच्या मंडळींची पट्टी येईलच.

'काहीच नाही' हे उत्तर मला फार आवडलं. काही न करता बसणाऱ्याची खुर्ची सर्वांत अवघड असते. वडिलांनी अशी एकच केली होती, स्वतःसाठी.

खांद्याचं लिहीत जा. तसं न लिहिलंस तरी चालेल. तुझं तीन तारखेचं पत्र मी खिडकीशी नेऊन पाहिलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ओळी सरळ आहेत.

करवत लावली आहे.

तुझा
दादा